गडाखालचं चित्र

"काका, आता त्याला हात लावू नका," भैरवी मॅडम म्हणाल्या. पण तोवर भरमूचा ब्रश कॅनव्हासला टेकला होता.

आभाळाच्या खालच्या कडेला एक पिवळसर पट्टा होता. सकाळी तो छान उठून दिसत होता. मग भरमूला वाटलं, त्याची कड जरा जाड झाली आहे. म्हणून त्यानं ती निळ्यात मिसळून घेतली. निळा जास्त झाला म्हणून वरून पांढरा ओढला. पांढरा फार दुधी दिसायला लागला म्हणून त्यात परत पिवळा. तैलरंग काही लगेच वाळत नाही. खालचा वर येतो, वरचा खाली जातो. बघता बघता सगळ्या आभाळाला भांडी घासून उरलेल्या पाण्याची कळा आली.

"मळला," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण थकवा होता. "काका, रंग लावायचा आणि सोडून द्यायचा. तुम्ही त्याला पॉलिश करत बसता."

पलीकडच्या स्टँडवरून दाताचे डॉक्टर आशिष हसले. भरमूही हसला. हसता हसता त्यानं चिंधीनं ब्रश पुसला आणि दाराकडं बघितलं. दाराशी चटईवर त्याची बायको मालुबाई बसली होती. भाजीची रिकामी बुट्टी शेजारी ठेवलेली, मांडीवर वीतभर रुंदीचा बोर्ड, आणि हातात भरमूनंच टाकून दिलेला, केस झडलेला ब्रश. तिचं या सगळ्याकडं लक्षच नव्हतं. जीभ दातांत धरून ती खिडकीतून दिसणाऱ्या कौलांवर ऊन ठेवत होती.

ठेवतच होती. दुसरा शब्द नाही त्याला. एकदा ब्रश टेकवायची, उचलायची आणि परत तिकडं वळून बघायची नाही.

भरमूनं सगळी उमर मच्छेच्या एका कारखान्यात लेथवर काढली होती. एका सुताचा फरक पडला तर नग परत यायचा. त्यामुळं कुठलीही गोष्ट घासून, तासून, परत मापून बघायची हाताला सवय. पण त्याच्या मनातलं खरं काम ते नव्हतंच. येळ्ळूरच्या शाळेत असताना चित्रकलेच्या मास्तरांनी त्याच्या बापाला घरी येऊन सांगितलं होतं, पोराला कोल्हापूरला पाठवा, हात आहे त्याला. बापानं मास्तरांना चहा पाजला आणि पोराला कारखान्यात चिकटवलं. ही गोष्ट भरमूनं लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मालुबाईला सांगितली होती, आणि त्यानंतर ज्याला-त्याला. गणपतीचे देखावे, सीमालढ्याच्या मोर्चाचे फलक, नव्या घरांवरची नावं, सगळं तोच रंगवायचा. गावात त्याला आर्टिस्ट म्हणत. रिटायर झाल्यावर शहरात खासबागेत भैरवी मॅडमचा ऑइल पेंटिंगचा क्लास आहे असं कळलं, तसा तो दुसऱ्याच दिवशी नाव घालून आला. मॅडम त्याच्या मुलाच्या, ओमकारच्या वयाच्या. पण भरमूनं पहिल्या दिवशी वाकून नमस्कार केला होता.

मालुबाईचं क्लासला येणं म्हणजे निव्वळ सोय. खासबागेत रविवारचा बाजार भरतो. घरामागच्या तुकड्यातली कोथिंबीर, मेथी, मुळा घेऊन ती भरमूच्या गाडीवर मागं बसून यायची, बाजार आटोपून क्लासच्या जिन्यात त्याची वाट बघत बसायची. एकदा मॅडमनीच तिला पाहिलं. "काकू, उन्हात कशाला? वर या." मग ती दाराशी बसायला लागली. पुढं एका रविवारी कुणी तरी आलं नव्हतं, त्याचा लहान बोर्ड तयार पडला होता. मॅडमनी तो तिच्या पुढ्यात ठेवला.

"मला काय येतंय, बाई? मी चौथी शिकलेली," मालुबाई म्हणाली.

"मग चांगलंच की. विसरायला काही नाही. समोर दिसतं ते काढा."

तिनं रंगाची ट्यूब हुंगून बघितली. "जवसाच्या चटणीचा वास येतोय गं बाई," म्हणाली. सगळे हसले, आणि कामाला लागले. क्लास संपताना मॅडम ब्रश गोळा करत तिच्या मागं येऊन थांबल्या. हातातले ब्रश तसेच धरून वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "वा."

भरमूनं तो 'वा' ऐकला. त्याला आजवर 'बरं जमलंय' मिळालं होतं, 'मेहनत दिसते' मिळालं होतं, एकदा 'छान' सुद्धा. 'वा' मिळाला नव्हता. त्यानं येऊन बघितलं. एक नारळाचं झाड, मागं धुरकट आभाळ, बाकी काही नाही. झाड वाकडं होतं, झावळ्या मोजून चार. पण त्या झाडाला वारा लागत होता.

"नशिबानं जमलंय," गाडीवर घरी जाताना तो म्हणाला.

"व्हय की," मागून मालुबाई म्हणाली. "मला तर कळलंबी न्हाय कवा झालं ते."

तिनं लगेच मान्य केलं, याचाच त्याला जास्त राग आला.

नशीब एकदा येतं, दोनदा येतं. दर रविवारी कसं येईल? भरमू आठवडाभर रिकाम्या गोठ्यात स्टँड मांडून बसायचा. गुरं कधीच विकली होती. गोठ्याला त्यानं मोठी खिडकी पाडून घेतली होती. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, बर्न्ट सायनाचा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आखणी करायचा, लांबचे डोंगर निळसर, जवळचे तपकिरी, सगळं नियमानं. मालुबाई सोमवार ते शनिवार ब्रशला शिवायची नाही. तिला शेतात भांगलण असायची, दळण असायचं, मसुराला पाणी असायचं. आणि रविवारी चटईवर बसली की तिच्या हातून काहीतरी व्हायचं.

त्यानं बारीकसारीक उद्योग करून बघितले. चांगला चपटा ब्रश आपल्या डब्यात ठेवून केस झडलेले तिला द्यायला लागला. तिनं त्या झडलेल्या ब्रशानं गवत काढलं. मॅडमनी ते सगळ्यांना दाखवलं. "बघा, असं ड्राय ब्रशिंग, कोरड्या ब्रशाचं काम, शिकवायला मला महिना लागतो." त्या रात्री भरमू नीट जेवला नाही. पित्त झालंय म्हणाला. मालुबाईनं कोकम भिजत घातलं.

ती त्याची चित्रं मात्र मनापासून बघायची. गोठ्यात चहा घेऊन आली की पदर खोचून उभी राहायची.

"ह्ये झाड पळून चाललंय बघा."

"पळून चाललंय म्हंजे?"

"म्हंजे जाग्यावर उभं न्हाय. त्याच्या बुडात सावली घाला की जरा."

तो चिडायचा. ती गेल्यावर बुडात सावली घालायचा. झाड उभं राहायचं.

सुगी आटोपली आणि मॅडमनी जाहीर केलं की, पुढचा क्लास बाहेर. राजहंसगडाच्या पायथ्याला. म्हणजे येळ्ळूरच्या शिवारात, भरमूच्याच दारात म्हणा. भरमूला आठवडाभर झोप नाही. गड त्याच्या डोळ्यांत होता. लहानपणापासून त्या गडाकडं बघत तो मोठा झाला होता. त्याचा तट कुठं वाकतो, रस्ता कसा वळणं घेत वर जातो, सगळं पाठ. आता बघूच म्हणाला मनाशी. खिडकीतली कौलं वेगळी आणि गड वेगळा.

रविवारी पोरं-बाया मिळून दहाएक जण आले. भातं कापून शेतं मोकळी झाली होती, जागोजाग भाताच्या पिंजाराच्या गंज्या, आणि कापलेल्या बुडक्यांतून मसूर नुकती वर आली होती. भरमू यजमानासारखा सगळ्यांना फिरवत होता. डॉक्टरांना सांगत होता, "हितनं बसा, हितनं तट सरळ दिसतोय." मालुबाई पहाटेपासून भाकऱ्या बडवून, मसुराची उसळ आणि खर्डा घेऊन आली होती. डबे बांधाला सावलीत ठेवून ती उभी राहिली, तर मॅडमनी तिच्यासाठी कॅनव्हास आणलेलाच होता. बोर्ड नव्हे, चांगला ताणलेला कॅनव्हास.

"एवढा मोठा?" मालुबाई म्हणाली.

"गड केवढा आहे, काकू!"

भरमूनं आधी पेन्सिलीनं सगळं आखून घेतलं. तट, बुरूज, देवळाचं शिखर, वळणाचा रस्ता. एक रेघ चुकली नाही. मग रंग. एकदा, दोनदा, वरून परत. त्यानं मान वर करून पलीकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. ते ठरवणं अर्धा तास टिकलं.

मालुबाईनं पेन्सिल हातातच घेतली नव्हती. गड म्हणून तिनं एक निळसर-राखी ढेप ठेवली होती. ना तट, ना बुरूज, ना रस्ता. पण ती ढेप लांब होती, जड होती, आणि तिच्यावर सकाळचा गारवा होता. खाली शेतं. त्या वाळक्या पिवळ्यावर मसुराचा हिरवा तिनं नुसता फिरवला होता, असा की आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. भरमूनं समोर शेताकडं बघितलं. तसंच होतं. इतकी वर्षं रोज बघूनही त्याला ते तसं दिसलं नव्हतं. आज तिच्या चित्रात बघितल्यावर दिसलं.

त्याला हसू आणायचं होतं, चार लोकांसारखं 'झकास' म्हणायचं होतं. तोंडून निघालं ते भलतंच.

"अगं, लोकं भुकेली असतील. डबं सोड की आता."

मालुबाई दचकली. चित्राचा उजवीकडचा खालचा कोपरा अजून कोराच होता. तिनं एकदा कोपऱ्याकडं बघितलं, एकदा उन्हाकडं. मग ब्रश चिंधीवर ठेवला, हात मातीनं चोळून धुतले आणि ती भाकऱ्या वाढायला बसली. जेवणं होईतो ऊन बदललं.

मॅडम तिच्या चित्रासमोर कितीतरी वेळ बसून राहिल्या. या वेळी त्या 'वा' सुद्धा म्हणाल्या नाहीत. मोबाईलनं फोटो काढला. मग म्हणाल्या, "जानेवारीत आपण प्रदर्शन करतोय. हे मी मधोमध लावणार. काकू, कोपरा पुढच्या रविवारी पुरा करा. तोवर माझ्याकडंच वाळू दे." आणि भरमूकडं वळून म्हणाल्या, "काका, तुमचंही एखादं बघू."

बघू.

संध्याकाळी क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. खाली फुलं, टाळ्या. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'काकू, तुम्ही आम्हाला घरी बसवणार!' बँकेतल्या प्रियदर्शनीनं लिहिलं होतं, 'हे चित्र मला द्याल का?' सगळे निरोप मालुबाईला, पण मालुबाईचा फोन साधा. ग्रुपवर होता तो भरमू. फोन त्याच्या खिशात सारखा थरथरत राहिला. मालुबाई परातीत पीठ मळत होती. त्यानं फोन काढला, आवाज बंद केला, परत खिशात ठेवला.

शनिवारी तिन्हीसांजेला मालुबाई अंगणात कोथिंबिरीच्या पेंढ्या बांधत होती. भरमू गोठ्यातून आला आणि पायरीवर बसला.

"मॅडमचा फोन आलता."

"काय म्हणत्यात? कोपऱ्याचं म्हणाल्या व्हय?"

"न्हाय. जागा कमी पडतीया म्हणाल्या. नाव घातलेलीच माणसं वाढल्यात. बाकीची दाराशी बसून ऱ्हायली की… लोकांना बरं वाटत न्हाय म्हणाल्या."

मालुबाईचे हात थांबले. मग तिनं पेंढीला सुतळीचा वेढा दिला.

"मी कवा मागितलतं? त्यांनीच दिलं."

"त्ये खरं हाय."

"आणि गडावर माझ्या हातचं जेवल्या की चांगल्या. तवा काय बोलल्या न्हाईत."

"शहरातली माणसं. तोंडावर कशी बोलतील?"

इतकं सहज बोलता येतं याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्याला वाटलं होतं, ती भांडेल, फोन लावा म्हणेल, आणि मग त्याला माघार घ्यावी लागेल. तेवढ्यासाठी मनातून तो तयारही होता. पण ती "बरं" म्हणाली आणि पुढची पेंढी बांधायला घेतली.

क्लासमध्ये त्यानं सांगितलं, हिचे गुडघे धरलेत, जिना चढवत नाही. प्रदर्शनाचं म्हणाल तर नको म्हणते, लाजते. मॅडम हळहळल्या. "मी येऊन भेटू का?" म्हणाल्या. "नको, नको, आणखीनच लाजंल ती," भरमू म्हणाला.

प्रदर्शन झालं. भरमूचं गडाचं चित्र लागलं. मधोमध नाही, पण दारातून शिरल्यावर दिसेल असं. कारखान्यातला त्याचा जुना जोडीदार जोतिबा सहकुटुंब आला, चित्राशेजारी उभं राहून त्यानं फोटो काढून घेतले. ओमकारनं पुण्याहून व्हिडिओ कॉल केला. मॅडम म्हणाल्या, "काका, या वेळी आभाळ मळलं नाही हं." इतकी वर्षं जे हवं होतं ते सगळं त्या दिवशी त्याच्या आजूबाजूला होतं. मालुबाई आली नाही. "बाजार चुकवून कसं चालंल?" म्हणाली.

ती तशी रोजच्यासारखीच होती. रविवारी गाडीवर मागं बसायची, बाजारापाशी उतरायची. फक्त आता बाजार आटोपला की क्लासच्या जिन्यात न येता बाजारातच, आवराआवर झालेल्या जागेवर बुट्टी पालथी घालून बसून राहायची. गोठ्यात चहा घेऊन यायची. भरमू मुद्दाम विचारायचा, "कसं झालंय?"

"चांगलं झालंय."

"झाड?"

"झाडबी चांगलं हाय."

आणि कप ठेवून जायची. भरमू त्या झाडाकडं बघत बसायचा. ते पळून चाललेलं त्याला दिसत होतं, पण कुठं काय घातलं की थांबेल ते कळत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी क्लास सुटताना मॅडमनी त्याला थांबवलं. त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेला कॅनव्हास होता.

"सकाळी बाजारात काकू भेटल्या. मी रुसलेय म्हटलं त्यांच्यावर. गुडघ्यांचं विचारलं, आणि चित्र का लावू दिलं नाही तेही विचारलं."

भरमूच्या हातात ब्रशांचा डबा होता. तो त्यानं खाली ठेवला.

"मग? काय म्हणाली?"

"आधी माझ्याकडं नुसत्या बघतच राहिल्या. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाल्या, व्हय बाई, अजून धरत्यात गुडघे. आणि चित्राचं मीच नको म्हणाले, ह्यांचा काय दोष न्हाय." मॅडम हसल्या. "तुमच्यावर येऊ नये म्हणून किती जपतात! हे घेऊन जा. घरी बसून कोपरा पुरा करतील तरी."

बाजारापाशी मालुबाई नेहमीसारखी मागं बसली. कागदातलं ते पुढं टाकीवर आडवं ठेवलं होतं. तिनं विचारलं नाही काय आहे. खासबाग मागं पडली, वडगाव गेलं, येळ्ळूरचा रस्ता लागला. गाडीच्या आवाजात बोलायची सोय नव्हती, याचा भरमूला आधार वाटला. घर लांब असतं तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

घरी येऊन तिनं पाय धुतले, चूल केली. तो बाहेरच्या सोप्यातच उभा होता. आतूनच तिनं विचारलं, "माझं गुडघं कवापास्नं दुखाय लागलं?"

त्यानं खिशातून फोन काढला, ग्रुप वर सारत सारत गडाच्या दिवसापर्यंत गेला, आणि आत जाऊन फोन तिच्या पुढं धरला. का धरला ते त्यालाही सांगता आलं नसतं. बहुतेक तिनं सगळं एकदमच बघावं, काही मागं उरू नये, म्हणून.

मालुबाईनं ओले हात पुसले. एकेक अक्षर लावत ती सगळं वाचत गेली. फुलं, टाळ्या, डॉक्टर, 'हे चित्र मला द्याल का'. वाचून झाल्यावर फोन परत दिला.

"मी दोन रविवार रडले," ती म्हणाली. "बाजारात. कोथिंबिरीच्या पेंढ्या तोंडाम्होरं धरून. मला वाटलं, आपल्या अंगाला वास येत असंल. म्हणून बसू देईनात."

"मालू…"

"तुमास्नी नको वाटलं तर तसं सांगायचं हुतं. मी काय चित्रासाठी जन्माला आल्ती व्हय? सोडून दिलं असतं. पण त्या बाईवर कशाला घातलंसा?"

"चुकलं माझं." तो चुलीपाशी खाली बसला. "मला बघवंना. मी सगळी हयात त्याच्यासाठी काढली, आणि तू चटईवर बसून… पुढच्या रविवारी चल. मी सांगतो मॅडमना. सगळं खरं खरं सांगतो."

"काय सांगू नका. तुमी जावा की. शिका. तुमचा जीव हाय त्यात."

"आणि तू?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "आता नको. ब्रश हातात घेतला की मला तुमचं तोंड दिसंल. त्या दिवशी बांधावर, डबं सोड म्हणालासा तवाचं."

म्हणजे तिनं त्या दिवशीच बघितलं होतं. तो मान खाली घालून बाहेर आला.

पुढच्या आठवड्यात त्यानं चित्राला स्वतःच्या हातानं सागवानी चौकट केली. कोपरे असे जुळवले की नख शिरू नये. सोप्यात, दारातून येणाऱ्याला समोर दिसेल अशा जागी खिळा ठोकला. तिथं आजवर त्याचं प्रदर्शनातलं चित्र होतं. ते काढून त्यानं गोठ्यात नेलं. मालुबाई येता-जाता बघत होती.

शिमग्याच्या आधी एक दिवस भावकू आला. भावकू म्हणजे भरमूचा चुलतभाऊ, शेजारच्याच गल्लीतला. आत येता येताच थबकला.

"आयला! गड व्हय रं ह्यो?" जवळ गेला, लांब आला, परत जवळ गेला. "भरमू, ह्ये लई भारी झालंय. मागच्यात सगळा तट-बिट होता, पण ह्यो… ह्यो खराच हाय की. पहाटे मोटारपंपाला जाताना अस्साच दिसतोय."

"मी न्हाय काढलेलं," भरमू म्हणाला.

"मग?"

"हिनं काढलंय."

भावकू खळखळून हसला. "काय चेष्टा करतोस? वैनी, ऐकलासा काय? तुमी चित्रकार झालासा म्हणं!"

मालुबाई चहा घेऊन बाहेर आली. तिनं कप त्याच्या हातात दिला.

"खरंच हिनं काढलंय, भावकू. देवाशपथ," भरमू म्हणाला. त्यानं तिच्याकडं बघितलं. आता तिनं नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"चा गार हुतोय, भावजी," मालुबाई म्हणाली आणि आत गेली. सोप्याच्या पलीकडं बसून ती मघापासून मसूर पाखडत होती. सुपाचा आवाज परत सुरू झाला.

भावकू चहाचा घोट घेत चित्राकडं बघत राहिला. मग त्याला दिसलं. "आणि ह्यो खालचा कोपरा कोराच कसा ठेवलास रं? पुरा करून टाक की. तुला काय अवघड हाय?"

भरमूनं त्या कोऱ्या कोपऱ्याकडं बघितलं. तिथं काय होतं ते त्याला ठाऊक होतं. बांध होता, बांधावरची सावली होती, सावलीत ठेवलेले डबे होते.

"मला न्हाय येत त्ये," तो म्हणाला.

आत सुपाचा आवाज थांबला. भावकूनं कप बशीत ठेवला. थोड्या वेळानं सूप परत हलायला लागलं, पहिल्यासारखंच, एका लयीत.